बुलढाण्याची गोधडी

ज्या मुलखाने एके काळी विलायतेतील गिरण्यांना कापूस पुरवला, त्या मुलखातील सामान्य कुटुंबाच्या अंगावरचे वस्त्र कसे होते, ते कोठे विणले जाई आणि जीर्ण झाल्यावर त्याची गती काय होई, हे सरकारी दप्तरात शोधू जाणाऱ्या अभ्यासकाच्या हाती जमाबंदीचे तपशील आणि कापसाच्या निर्यातीचे आकडे विपुल लागतात. प्रत्यक्ष वस्त्र मात्र लागत नाही. राजेरजवाड्यांची वस्त्रे संग्रहालयांत जतन झाली. शेतकऱ्याचे धोतर आणि त्याच्या कारभारणीचे लुगडे गोधडीत गेले. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील रयतेच्या वस्त्राचा इतिहास लिहावयाचा, तर गोधडीला अस्सल दाखल्याचा मान दिला पाहिजे, असे माझे मत आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पाडले आहेत. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस पिके. घाटावर मेहकरच्या मोमीन विणकरांची धोतरे त्यांच्या तलमपणाबद्दल नावाजलेली होती. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. परंतु त्यातला पुष्कळसा वाटा गावातच राही, घरोघरी त्याचे सूत निघे, कोष्टी, साळी आणि मोमीन ते विणीत आणि रंगारी आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या तांबड्या रंगात ते बुडवीत. वस्त्र असे कष्टाने सिद्ध होत असल्यामुळे त्याची चिंधीसुद्धा टाकाऊ मानली जात नसे.

१८५३ च्या तहाने निजामाकडील वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला, आणि १८७० साली जलंबहून खामगावला जाणाऱ्या फाट्याचे उद्घाटन करण्यास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, ते बुलढाण्याला १९०५ च्या फेररचनेत जोडले गेले. कापसाच्या व्यवहारावर नेमलेले कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी आपली अपेक्षा निःसंकोचपणे लिहून ठेवली आहे: आगगाडीने स्वस्त विलायती कापड आले म्हणजे देशी कापड मागे पडेल, सुतासाठी लागणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि सूत कातणारे व विणणारे हात शेतमजुरीस मिळतील. ही अपेक्षा बऱ्याच अंशी फलद्रूप झाली. त्याच सुमारास युरोपात अलिझरीन हा कृत्रिम तांबडा रंग तयार झाला आणि आलाच्या तांबड्या रंगाचाही व्यापार बसला.

या घडामोडी गोधडीच्या थरांत उतरल्या. हातमागाच्या जाड लुगड्याच्या जागी गिरणीचे लुगडे आले, धोतराच्या जागी लेंगा आला, कालांतराने नायलॉनची साडी आली. शिवण मात्र पूर्वीचीच राहिली. रानातली कामे ओसरली म्हणजे उन्हाळ्यात ओसरीवर जुने लुगडे अंथरावे, त्यावर धोतरे, सदरे, पोलकी यांचे उसवलेले तुकडे सुरकुती न पडू देता पसरावे, वरून दुसरे लुगडे घालावे आणि कडेपासून धावदोरा घालीत मध्याकडे यावे, ही रीत सासूकडून सुनेकडे आली. टाके जितके दाट तितकी गोधडी टिकाऊ. नवरात्रापूर्वी घराची साफसफाई निघाली की साऱ्या गोधड्या नदीवर धुतल्या जात. तान्ह्या मुलाचे दुपटे मात्र मुद्दाम आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे करीत. त्यात काटकसर होती, तसाच आशीर्वादही होता.

दारिद्र्याची खूण मानल्या गेलेल्या या ठिगळांना वऱ्हाडातच एका सत्पुरुषाने प्रतिष्ठा मिळवून दिली. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, चिंध्यांचा अंगरखा घालून गावोगावचे रस्ते झाडीत फिरले, आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणू लागले. ज्यांनी धर्मशाळा उभारल्या त्यांनी स्वतःसाठी नवे वस्त्र इच्छिले नाही, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाने विसरू नये.

आज जिल्ह्यातील तरुण मुलांच्या अंगावर टी-शर्ट आहे. शाळेच्या क्रीडास्पर्धेचा, गणेशमंडळाचा, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा असा एकेक टी-शर्ट कपाटाच्या तळाशी साठतो, अंगास होत नाही आणि टाकवतही नाही. अमेरिकेत अशा टी-शर्टांच्या आठवणीदाखल गोधड्या शिवण्याची चाल रूढ आहे. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या आप्तांनी शिवलेली प्रचंड गोधडी तर १९८७ साली वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरली गेली आणि तिने एका राष्ट्राला आपल्या मृतांची नावे वाचावयास लावली. आपल्याकडे स्मृतीची ही शिवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; तिच्यात टी-शर्टाचा समावेश करणे अवघड नाही. होजिअरीचे कापड ताणले जाते, एवढे ध्यानात ठेवून त्याच्या पाठीशी जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा थर द्यावा आणि टाके दाट घालावेत.

उणीव आहे ती नोंदीची. ही गोधडी कोणी, कोणत्या साली, कोणाच्या कपड्यांतून शिवली, हे शिवणाऱ्या स्त्रीला ठाऊक असते. ती गेली की ती माहिती तिच्याबरोबर जाते. म्हणून बुलढाण्यातील प्रत्येक घराला माझी विनंती आहे की, जुनी गोधडी पायपुसण्यासाठी फाडण्यापूर्वी तिचा एक कोपरा उसवून आतले थर पाहावेत, घरातील वडीलधाऱ्या बाईस त्यांचा इतिहास विचारावा आणि तो लिहून ठेवावा. नवी शिवाल, मग ती लुगड्यांची असो वा टी-शर्टांची, तिच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव आणि साल दोऱ्याने अवश्य काढावे.