प्रथिनरेणूंच्या चित्रांतील रंग : संकेत आणि पुरावा

नांदेड जिल्ह्यातील उमरी आणि तिच्या भोवतालचा काळ्या मातीचा मुलूख कापूस पिकविणारा आहे. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर ह्या प्रकारच्या झाडांच्या पेशींत मुळात एका सूक्ष्म जंतूत आढळणारे ‘क्राय’ जातीचे प्रथिन तयार होऊ लागले. बोंडअळीच्या आतड्यावर परिणाम करणाऱ्या ह्या प्रथिनाचे चित्र पाठ्यपुस्तकात पाहावे, तर त्याचे तीन खंड तीन वेगवेगळ्या रंगांत रंगविलेले दिसतात. वास्तविक ह्या प्रथिनाला असा कोणताही रंग नाही. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, तर प्रथिनाचा एक रेणू काही थोड्या नॅनोमीटरांचा असतो. त्याचे रूप डोळ्यांनी पाहता येणे शक्यच नाही. बहुतेक शुद्ध प्रथिने दृश्य प्रकाश शोषून घेत नाहीत, म्हणून त्यांचे द्रावणही रंगहीन असते. हीमोग्लोबिनाचा लाल रंग हा ठळक अपवाद होय. पण तोही अमिनो आम्लांच्या साखळीचा नसून तिच्यात अडकलेल्या लोहयुक्त हीमचा असतो. तेव्हा प्रथिनाच्या चित्रातील रंग हा चित्रकर्त्याने केलेला संकेत असतो. ह्या संकेताला स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यास चित्र पाहणारा अनुमानालाच पुरावा समजून बसतो.

रेणूंना रंग देण्याची रीत प्रथिनांच्या संशोधनाहून जुनी आहे. १८६५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन ह्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात क्रोके ह्या खेळाचे चेंडू सळ्यांनी जोडून रेणूंच्या प्रतिकृती दाखविल्या. त्यांत कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा आणि क्लोरीन हिरवा होता. कोळशाचा काळेपणा व क्लोरीन वायूची हिरवट छटा ह्यांच्याशी हे रंग जुळतात. परंतु नायट्रोजनाच्या निळेपणाला निसर्गात असा आधार नाही. पुढे १९५३ साली रॉबर्ट कोरी व लायनस पॉलिंग ह्यांनी अमिनो आम्लांच्या भरीव प्रतिकृतींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९६५ साली वॉल्टर कोल्टन ह्याने त्यांत सुधारणा केली. ह्या तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘सीपीके’ हे नाव रूढ झाले. अशा रीतीने व्याख्यानातील एक सोय शंभर वर्षांत सर्वमान्य संकेत बनली. संगणकाचा काळ येताच त्या संकेतालाही मुरड पडली. काळ्या पडद्यावर काळा कार्बन दिसला नसता, म्हणून रॅसमोलमध्ये तो फिकट करडा झाला. पायमोलमध्ये तर तो हिरवा असतो, आणि हिरवा रंग हॉफमनच्या रीतीत क्लोरीनाचा होता.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र अणूंचे रंग पुरेसे पडत नाहीत. हजारो अणूंच्या गुंत्यात लाल, निळे व करडे ठिपके दाखविले, तरी साखळी कोठून कोठे जाते हे कळत नाही. केंब्रिज येथे जॉन केंड्रू व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली मायोग्लोबिनाची स्थूल आणि १९६० साली अधिक तपशीलवार रचना सिद्ध केली, तेव्हा हीच अडचण उभी राहिली. दुसऱ्या वेळी त्यांनी सुमारे २५०० उभ्या सळ्या रोवल्या. क्ष-किरणांच्या मापनांवरून प्रत्येक जागी इलेक्ट्रॉनांची घनता किती आली, हे दाखविण्यासाठी त्या सळ्यांवर रंगीत चाप लावले, आणि त्या चापांच्या आधाराने साखळीची प्रतिकृती बसविली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ह्या सळ्यांच्या रानात रंग होता तो मापनाला. साखळी हा त्या मापनाचा लावलेला अर्थ होता. पुढील काळात हा क्रम उलटला. मापन चित्रातून नाहीसे झाले आणि रंग अर्थाला चढला.

ह्या बदलाचे एक कारण म्हणजे चित्रे सुबोध झाली. १९६१ साली अर्व्हिंग गाइस ह्या चित्रकाराने मायोग्लोबिनाचे हाताने रंगविलेले चित्र सिद्ध केले. १९८१ साली जेन रिचर्डसन ह्या अमेरिकी संशोधिकेने प्रथिनांच्या रचनेवरील विस्तृत प्रबंधात साखळीची मळसूत्री वळणे गुंडाळलेल्या फितीने, तर बीटा-शीटमधील सरळ धागे बाणांनी दाखविण्याची पद्धत रूढ केली. अणू गाळून केवळ साखळीची घडण दाखविणाऱ्या ह्या फितींमुळे रंगाला नवे काम मिळाले. एक खंड एका रंगात, दुसरा दुसऱ्यात, अशी विभागणी करता येऊ लागली. क्राय कुळातील पहिली रचना १९९१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातील तीन खंडांचे चित्रण ह्याच रीतीने होते.

संगणकाच्या पडद्यावर रेणू फिरविण्याचा प्रयोग सायरस लेव्हिंथॉल ह्याने मॅसॅच्युसेट्स येथे १९६०-७० च्या दशकातच केला होता. पण ती यंत्रे थोड्याच संस्थांच्या आवाक्यात होती. १९९३ साली रॉजर सेल ह्याचे रॅसमोल विनामूल्य उपलब्ध झाले, आणि साध्या संगणकावर कोणालाही प्रथिनाचे चित्र रंगविता येऊ लागले. वॉरन डीलॅनो ह्याचे पायमोल २००० साली आले. १९७१ साली अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेचे भांडार तोवर कितीतरी वाढले होते. क्ष-किरणांचे यंत्र नसलेल्या, तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयालाही हे भांडार खुले झाले, हा मोठाच लाभ होय. परंतु ह्यामुळेच मापन करणारा एक आणि रंग देणारा दुसरा, अशी फारकत पडली.

ही फारकत किती अर्थपूर्ण आहे, हे पुण्यातील दोन संशोधनांवरून स्पष्ट होते. १९९९ साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश आदी संशोधकांनी इंग्लंडमधील यॉर्कच्या सहकाऱ्यांसह पेनिसिलिन व्ही असायलेज ह्या विकराची रचना प्रसिद्ध केली. पेनिसिलिनापासून नवी प्रतिजैविके बनविण्याच्या कामी उपयोगी पडणाऱ्या ह्या विकराचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण टाकून ती ठरविली होती. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्रातील अशोक कोळसकर व ऊर्मिला कुलकर्णी-काळे ह्यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील आवरण-प्रथिनाची अनुमानित रचना मांडली, आणि रोगप्रतिकारक प्रतिपिंडे त्याच्या कोणत्या भागांना चिकटत असावीत ह्याचा नकाशा दिला. ह्या प्रथिनाचे स्फटिक त्या वेळी उपलब्ध नव्हते. गोचिडीमुळे पसरणाऱ्या एका सगोत्र विषाणूच्या प्रथिनाची रचना १९९५ साली प्रसिद्ध झाली होती, तिच्या साच्यावर हे अनुमान उभारले होते. जपानी मेंदूज्वराच्या प्रथिनाची स्फटिकावरून ठरविलेली रचना २०१२ साली प्रसिद्ध झाली.

ही दोन्ही संशोधने आपापल्या जागी योग्य होती, आणि दुसऱ्यात अनुमानाला अनुमानच म्हटले होते. पण पडद्यावर दोन्ही रचना एकाच प्रकारच्या फितींनी व त्याच रंगांनी काढता येतात. सगोत्र विषाणूंच्या ह्या आवरण-प्रथिनाचा पहिला खंड लाल, दुसरा पिवळा व तिसरा निळा रंगविण्याचा परिपाठच पडला आहे. तो तुलनेला फार सोयीचा आहे. मात्र लाल खंडाची जागा मोजून ठरविली आहे की साच्यावरून अनुमानिली आहे, हे तो लाल रंग सांगत नाही.

२०२१ साली आल्फाफोल्ड ह्या पद्धतीच्या भाकितांचे भांडार खुले झाले आणि पुढील वर्षी त्यातील रचनांची संख्या २० कोटींवर गेली. ह्या भांडाराने रंगाला पुन्हा पुराव्याकडे वळविले, हे त्याचे श्रेय मानले पाहिजे. साखळीच्या प्रत्येक दुव्याला ० ते १०० ह्या मापावर विश्वासांक दिलेला असतो. ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा व त्याखाली नारिंगी, असे रंग ठरलेले आहेत. येथे निळा रंग भरवशाचा आहे.

तथापि ह्यातच एक सापळा आहे. हा विश्वासांक संचिकेच्या ज्या रकान्यात लिहिलेला असतो, तो रकाना स्फटिकावरून काढलेल्या रचनांत अणूंची अस्थिरता दर्शविणाऱ्या तापमान-घटकासाठी राखलेला आहे. त्या रचनांत लहान अंक म्हणजे स्थिर अणू. त्या रकान्याप्रमाणे रंग देण्याची पायमोलमधील रूढ आज्ञा लहान अंकाला निळा व मोठ्या अंकाला लाल रंग देते. स्फटिकावरून काढलेल्या रचनेत ह्यामुळे स्थिर भाग निळा व अस्थिर भाग लाल दिसतो, ते योग्यच आहे. हीच आज्ञा आल्फाफोल्डच्या रचनेवर चालविली, तर सर्वांत बेभरवशाचा भाग निळा आणि सर्वांत भरवशाचा भाग लाल होतो. विद्यार्थ्याला चित्रात काहीही वावगे दिसत नाही. प्रत्यक्षात जो भाग बहुधा मोकळा लोंबत असेल, त्याला तो स्थिर समजून त्यावर औषधाचा रेणू बसवू लागतो आणि कित्येक महिन्यांचे श्रम वाया जाण्याची वेळ येते.

हॉफमनच्या चेंडूंना सूचीची आवश्यकता नव्हती, कारण व्याख्याता स्वतः समोर उभा होता. केंड्रूच्या चापांचा अर्थ ते लावणाऱ्यांना ठाऊक होता. आज चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि अर्थ मागे राहतो. म्हणून प्रबंधातील प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी नमूद असणे अगत्याचे ठरते : रचना मापनाने मिळाली की भाकिताने, रंग कोणत्या राशीचा आहे, त्या राशीची कमाल व किमान मर्यादा कोणती, आणि कोणता रंग कोणत्या टोकाचा. परीक्षकानेही चित्राच्या सौंदर्याआधी ह्या चार ओळी वाचाव्यात. त्या नसतील, तर चित्र कितीही सुबक असो, त्याला पुरावा म्हणता येणार नाही.