एका दौऱ्याचा ताळेबंद

एखादा संघ परदेश दौऱ्यावर जातो तो नेमका कशासाठी, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. आमच्या कॉलनीजवळच्या कॉलेजचा व्हॉलीबॉल संघ मध्यंतरी कोलंबोला जाऊन आला. सहा खेळाडू, सहा राखीव, दोन सर, त्यातल्या एका सरांच्या मिसेस आणि संस्थेचे एक ट्रस्टी. या ट्रस्टींचा व्हॉलीबॉलशी आलेला संबंध म्हणजे एकदा बॉल त्यांच्या गाडीच्या काचेवर आपटला होता, तेवढाच. परत आल्यावर रीतसर सत्कार झाला. भाषणात सगळे सामने पाच मिनिटांत उरकले आणि समुद्र, चहाचे मळे, हत्ती यांना पाऊण तास मिळाला. त्यावरूनच मी काय ते ओळखलं. जिंकलेला संघ निकाल सांगतो, हरलेला संघ निसर्ग सांगतो.

आता मी पडलो बँकेतला कारकून, त्यात कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाची पुस्तकं वाचायचा मला नाद आहे, पण वाचतानाही डोळा आकड्यांवर. लढाई कोणी जिंकली यापेक्षा खर्च कोणत्या खाती टाकला, याची उत्सुकता जास्त. अशा नजरेनं मी आपल्याकडच्या परदेश दौऱ्यांचा इतिहास चाळला, तेव्हा लक्षात आलं की हा धंदा सुरुवातीपासून तोट्याचाच आहे.

पहिला मान पारशांचा. 1886 साली मुंबईच्या पारशी मंडळींचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. सामने 28. जिंकला 1, हरले 19, अनिर्णित 8. बेरीज जुळते, तेवढंच समाधान. लॉर्ड्‌सवर तर त्यांच्यासमोर साक्षात डॉ. ग्रेस दाढीसकट उभे होते! दुसरा कोणी असता तर परत गावाचं नाव काढलं नसतं. पण पारशी माणूस एका वर्षाच्या ताळेबंदावर दुकान बंद करत नाही. दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, दुसरा संघ गेला. सामने 31, जिंकले 8, हरले 11, अनिर्णित 12. त्यात डॉ. पावरींनी एकट्यानं 170 बळी घेतले. याला म्हणतात वसुली.

पण मला सांगायचं आहे ते 1911 च्या दौऱ्याबद्दल. ‘अखिल भारतीय’ म्हणावा असा तो पहिला संघ. आता अखिल भारतीय म्हटलं की आपल्याकडे आधी कमिटी होते आणि मग भांडण. इथंही तसंच झालं. जुळवाजुळवीचा पहिला प्रयत्न तर काही वर्षं आधीच बारगळला होता. अखेर निवड झाली ती धर्मवार. सहा पारशी, पाच हिंदू, बाकीचे मुसलमान. मुसलमान खेळाडू बरेचसे अलीगढच्या कॉलेजात तयार झालेले. आणि या सगळ्यांच्या वर शीख कॅप्टन, पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय वर्षे 19.

एकोणिसाव्या वर्षी आमच्या बँकेत माणसाला साधं पासबुक भरायला देत नाहीत, आणि इथं आख्खा हिंदुस्थान हाती दिला होता. पण महाराजांची पात्रता वादातीत होती. ते महाराज होते. दौऱ्याच्या खर्चाला त्यांचा हातभार होता, आणि पैसे भरणारा पहिल्या खुर्चीत बसतो, हा नियम वाढदिवसाच्या वर्गणीपासून साम्राज्यापर्यंत सगळीकडे सारखाच.

मे महिन्यात संघ बोटीनं निघाला. योग असा की, तो उन्हाळा विलायतेत पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा होता. 22 जूनला समारंभ. सगळं लंडन सजलेलं. क्रिस्टल पॅलेसमध्ये साम्राज्याचं भलंमोठं प्रदर्शन भरलेलं. थोडक्यात, बघण्यासारखं इतकं होतं की खेळायला सवड काढणं कठीण. महाराजांनी ती काढलीही नाही. सुरुवातीचे मोजके सामने खेळून ते दरबारी मेजवान्यांकडे वळले. जाताना आपले खासगी कारभारी केकी मिस्त्री यांनाही घेऊन गेले. हे मिस्त्री म्हणजे संघातले नामांकित फलंदाज. ऐन मार्च महिन्यात मॅनेजरनं रजेवर जावं आणि जाताना कामाचा एकमेव माणूस सोबत न्यावा, तसा प्रकार. अशा वेळी मागं राहिलेल्यांची काय अवस्था होते, हे मी अनुभवानं सांगू शकतो. बँकेचं नाव विचारू नका.

त्यात ऊन! विलायतेला गेलेला माणूस गरम कपडे शिवून जातो, पण 1911 चा उन्हाळा भलताच निघाला. 9 ऑगस्टला ग्रीनिचचा पारा शंभर अंश फॅरनहाइटला टेकला. जळगावकरांना हसू येईल, पण साहेबाला घाम फुटला. आमचे लोक उन्हाला सरावलेले. त्यांना घाम फुटला तो धावफलक पाहून. पहिला महिना संघ नुसता हरत होता. तेवीस सामन्यांची अखेरची तेरीज अशी: जिंकले 6, हरले 15, अनिर्णित 2. वर्षअखेरीला शाखेचे असे आकडे वर पाठवले, तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला होते.

आणि गंमत बघा, त्याच उन्हाळ्यात, 29 जुलैला, इकडे कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायरच्या गोऱ्या पलटणीला फुटबॉलमध्ये 2-1 असं हरवून शील्ड घेतली. म्हणजे साहेबाला हरवायला साहेबाच्या देशात जायलाच हवं असं नव्हतं.

तर असा हा दौरा. पण हिशेब तपासणाऱ्याची एक सवय असते. एकूण बेरीज वाईट दिसली की तो एकेक नोंद बघत वर जातो. तसा मी गेलो आणि एका नोंदीपाशी थांबलो. पी. बाळू, बळी 114, सरासरी 18.84. पंधरा सामने हरलेल्या संघात, पस्तिशीच्या घरातल्या माणसानं, दुखऱ्या हातानं टाकलेली ही डावरी फिरकी! त्यातले 75 बळी तर प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. लेस्टरशायरवर जो पहिला मोठा विजय मिळाला, त्यात दोन्ही डावांत मिळून अकरा बळी यांचेच. टाँटनला सॉमरसेटवरचा विजय एका गड्यानं मिळाला. तिथं बाळूंचे भाऊ शिवराम यांच्या बॅटनं हात दिला. बाकी खात्यांत खडखडाट आणि या एका घरच्या खात्यावर एवढी शिल्लक, म्हटल्यावर मी जुनी वही काढली.

जुनी वही पुण्यात सापडते. बाळू पालवणकर, जन्म 1876 च्या सुमाराचा, धारवाडचा. वडील लष्करात. जात चांभार. पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या क्लबात, पगार महिना तीन रुपये. काम, मैदान झाडणं, रोलर फिरवणं आणि कोणी म्हटलंच तर चार चेंडू टाकणं. तिथून साहेबांच्या पूना क्लबात, पगार चार रुपये. तिथं जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. आपल्या लोकांनी ‘जे. जी.’चं ‘जंगली’ करून टाकलं होतं. हे जंगलीसाहेब तासन्‌तास बाळूंकडून चेंडू टाकून घेत. बाद केलंस तर आठ आणे, असा सौदा होता म्हणतात. माझ्या माहितीतला हा पहिला प्रॉडक्टिव्हिटी लिंक्ड बोनस. चेंडू मात्र फक्त टाकायचे. फलंदाजी हे साहेबाचं काम; बाळूंच्या हाती सरावालासुद्धा बॅट दिली नाही.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला प्रश्न पडला की या माणसाला संघात घ्यावं की काय. पुण्यात मतभेद झाले. हे वाक्य कोणत्याही शतकाबद्दल लिहावं, खरंच ठरतं. अखेर घेतलं. कारण साहेबांना हरवायचं होतं, आणि साहेब ज्याच्या चेंडूवर सराव करत होते तो माणूस तीनचार फर्लांगांवर उभा होता. घेतलं म्हणजे मैदानात घेतलं. चहाची सुट्टी झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवण वेगळं, पान वेगळं. चेंडू मात्र तोच. बाळूंच्या हातून सुटलेला चेंडू यष्टीरक्षकाच्या हाती जाई, तिथून स्लिपकडे, तिथून आणखी कोणाकडे, आणि अकरा जणांना शिवून परत बाळूंकडे. चामड्याच्या चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. हा हिशेब कोणत्या पद्धतीत बसतो, सिंगल एंट्री की डबल एंट्री, हे मला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नाही.

तसा पुण्याच्या चहाचा इतिहासच ज्वालाग्राही. 1890 साली पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांचा चहा पुढे आला म्हणून केवढा गहजब झाला! खुद्द रानडे आणि टिळकांनाही त्यापायी प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. समुद्र ओलांडण्याचंही तेच. विलायतेहून आलेल्या भल्याभल्यांना शुद्ध करून घ्यायला लागे. इथं मला बाळूंच्या दौऱ्यातली खरी गंमत दिसते. काळं पाणी ओलांडून जात जायची ती ज्यांना होती त्यांची. बाळू बोटीवर चढले तेव्हा त्यांच्या त्या खात्यात जमा काहीच नव्हतं. समुद्र बिचारा वजा काय करणार?

आणि विलायतेत? साहेब काही संत नव्हता. राज्य करायला बसला होता आणि त्याच्या लेखी सगळेच ‘नेटिव्ह’. पण त्याची ही आंधळी नजर इथं एका माणसाच्या पथ्यावर पडली. चांभार कोण, सारस्वत कोण, अय्यंगार कोण, हे धावफलक मांडणाऱ्या गोऱ्या कारकुनाला उमगत नव्हतं. (कारकुनांबद्दल मला उगाच जिव्हाळा नाही.) तो फक्त बळी मोजत होता. इतकी वर्षं पुण्या-मुंबईत चेंडू टाकून जे झालं नाही ते तिथं एका उन्हाळ्यात झालं. बाळूंचं खातं फक्त बाळूंच्या नोंदींवरून मांडलं गेलं.

आता या ताळेबंदाच्या दोन बाजू समोरासमोर ठेवून बघा. आमच्या धंद्यात डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. एका बाजूला एकोणीस वर्षांचे कॅप्टन. जमा काय, तर जन्म. दुसऱ्या बाजूला पस्तिशीचे गोलंदाज. नावे काय, तर जन्म. एकाला जन्मामुळं न खेळता नेतृत्व मिळालं, दुसऱ्याला जन्मामुळं 114 बळी घेऊनही मिळालं नाही. कॉमर्समध्ये अशा नोंदींना ‘ओपनिंग बॅलन्स’ म्हणतात. मागच्या वहीतून आलेली शिल्लक, विचारायची सोय नाही.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं बाळूंचा सत्कार केला. मानपत्राचा मसुदा लिहिला होता एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका विशीतल्या विद्यार्थ्यानं. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. सत्काराची मानपत्रं मी बँकेत पुष्कळ लिहिली आहेत. पण आपण कोणासाठी लिहितो आणि पुढं कोण होतो, याचा एवढा मोठा योग दुसऱ्या कोणा लेखनिकाच्या वाट्याला आला नसेल. पुढं दोघांचे रस्ते वेगळे झाले. 1932 च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, आणि 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. या माणसानं हरायचं तेही थोडक्यातच.

हिंदू संघाचं कॅप्टनपद मात्र बाळूंना कधी दिलं नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ निषेध म्हणून बाजूला झाले. वर्तमानपत्रांत ओरड झाली, मग बाळूंना बोलावून व्हाइस-कॅप्टन केलं. कॅप्टन काही वेळ मैदान सोडून गेले तेवढ्यापुरतं त्यांनी संघ हाकला. म्हणजे ‘ऑफिशिएटिंग’. ऑफिशिएटिंग म्हणजे काय दुःख असतं ते नोकरदारांना समजावून सांगायला नको. जबाबदारी पूर्ण, भत्ता नाही, आणि साहेब चहा पिऊन आले की खुर्ची खाली करायची.

अखेर 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कॅप्टन झाले. बँकेत याला उशिरा झालेली पोस्टिंग म्हणतात. रक्कम बरोबर, तारीख चुकलेली, आणि खातं थोरल्याऐवजी धाकट्या भावाचं. सामना संपल्यावर लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवलं. ज्यांनी उचललं त्यांनी खांद्याला खांदा लावताना जात विचारल्याची नोंद नाही.

बाळू 1955 मध्ये वारले. त्या दौऱ्यात कोणी काय पाहिलं, कोणाला क्रिस्टल पॅलेस आवडला आणि कोणाला राजाची मिरवणूक, हे आज कोणाला आठवत नाही. महाराजांनी तर पाहायचं काहीच सोडलं नव्हतं. उरलं आहे ते एवढंच, की तेवीस सामने, पंधरा पराभव, आणि बाहेर उभं राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यायलेल्या एका माणसाच्या नावापुढं, साहेबाच्याच हस्ताक्षरात, 114. ही नोंद कोणालाही खोडता आलेली नाही.