घेवड्याचा रस आणि निजलेली पेशी

राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दुसऱ्या पाण्यात चांगला खळखळून शिजवावा, असे जाणत्या बायका सांगतात. तो कच्चट राहिला तर चारपाच दाणेही उलट्या करवायला पुरतात. राजमा आपल्या भागात तसा अलीकडचा, उत्तरेकडून हॉटेलांच्या वाटेने आलेला. पण आपला श्रावणघेवडा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा ही त्याच जातीची भावंडे होत. तिघांचेही मूळ अमेरिका खंडात. या दाण्यांत एक प्रथिन असते. ते उकळण्याने नष्ट होते आणि उकळले नाही तर आतड्याला झोंबते. त्याच प्रथिनाने १९६० साली माणसाच्या रक्तातील एका पेशीविषयीची वैद्यकाची समजूत पालटली. तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ घेवड्यापासून नाही, एरंडापासून करावा लागतो. १८८८ साली डोरपाट येथे (त्या वेळी हे गाव रशियन साम्राज्यात होते, आज ते एस्टोनिया देशातील टार्टू) पीटर हेरमान श्टिलमार्क या विद्यार्थ्याने एरंडाच्या बियांतील विषावर प्रबंध लिहिला. त्या बियांतून काढलेले प्रथिन रक्तात मिसळले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, असे त्याला दिसले. त्या प्रथिनाला रिसिन म्हणतात. (एरंडेल तेल पिऊन आपण सगळे लहानाचे मोठे झालो, ते विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते, म्हणून निभावले.) पुढे गुंजेतही असेच प्रथिन सापडले. आपली गुंज म्हणजे शेजारच्या कन्नड घरातली गुलगंजी. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशेबाने सोनाराच्या तराजूत बसलेली ही लालकाळी बी किती जहरी आहे, हे सोनारालाही ठाऊक नसेल. गुरे मारणाऱ्यांना मात्र ते पक्के ठाऊक होते. गुंजेच्या लगद्याची बारीक सुई करून ती जनावराच्या कातड्याखाली टोचण्याचे प्रकार इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत आढळतात.

बर्लिनमध्ये पाउल एर्लिश यांनी १८९१ साली हीच दोन विषे उंदरांना अगदी थोड्या मात्रेपासून चढत्या मात्रेने दिली. उंदरांना ती पचू लागली. पण एरंडाच्या विषाला सरावलेला उंदीर गुंजेच्या विषाने मरे आणि गुंजेला सरावलेला एरंडाने. म्हणजे शरीराचा प्रतिकार सरसकट नसतो, तो शत्रूचा चेहरा ओळखून असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता रक्ताकडे वळू. रक्तात एका पांढऱ्या पेशीमागे सहासातशे तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशींचा अभ्यास करायचा तर आधी ही तांबडी गर्दी हटवली पाहिजे. अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे एडविन ऑसगुड हे रक्तविकारांचे अभ्यासक होते. त्यांनी आणि ली या सहकाऱ्याने १९४९ साली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. तांबड्या घेवड्याचा अर्क रक्तात घालायचा; तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतात, पांढऱ्या वर तरंगत राहतात. या अर्काचे नाव फायटोहीमॅग्लुटिनिन. नाव जिभेला वळसा घालणारे असले तरी अर्थ साधा: झाडापासून मिळणारे, रक्त गोठळणारे द्रव्य. प्रयोगशाळेत त्याचे काम गाळणीसारखे होते. चहा गाळल्यावर गाळणीने चहाची चव बदलली का, असे कोणी विचारत नाही, तसेच हे.

आणि पांढऱ्या पेशींमधली लिंफोसाइट ही पेशी त्या काळात अगदीच उपेक्षित. छोटी, वाटोळी, जवळजवळ सगळा देह केंद्रकानेच भरलेला. तिला ना जंतू गिळता येत, ना विभागता येत, असे पाठ्यपुस्तके सांगत. ती आयुष्याच्या शेवटाला आलेली, मरणाची वाट पाहणारी पेशी, असा सर्वसाधारण समज होता. ऑक्सफर्डचे जेम्स गाउअन्स यांनी १९५९ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले की या पेशी रक्तातून नाहीशा होतात त्या मरून नव्हे; त्या लसीकेत जातात आणि तिथून पुन्हा रक्तात येतात. म्हणजे म्हातारी घरी बसलेली नव्हती, गावभर फेऱ्या मारीत होती. पण ती कशासाठी फिरते, याचे उत्तर अजून मिळायचे होते.

फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पीटर नोवेल हा तरुण विकृतिशास्त्रज्ञ नौदलातील नोकरी संपवून १९५६ साली रुजू झाला. त्याचा विषय रक्ताचा कर्करोग. ऑसगुडच्या पद्धतीने तो रुग्णांच्या पांढऱ्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवीत असे. एकदा काचपट्ट्या त्याने साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. ते पाणी पेशींत शिरून त्या फुगल्या आणि आतली गुणसूत्रे विस्कटून सुटी सुटी दिसू लागली. नोवेलला गुणसूत्रांतले काहीच कळत नव्हते, असे त्याने स्वतःच पुढे लिहिले आहे. त्याने गावात चौकशी करून डेव्हिड हंगरफोर्ड हा गुणसूत्रांवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी शोधून काढला. दोघांनी मिळून रक्ताच्या एका कर्करोगात नेहमी आढळणारे खुरटे गुणसूत्र १९६० साली जगापुढे ठेवले. त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. ती कथा मोठी आहे. १९७३ साली जॅनेट राउली यांनी त्या गुणसूत्राची फोड केली आणि २००१ साली त्यावर इमॅटिनिब हे औषध आले, एवढे सांगून मी पुढे जातो.

कारण मला मोठी वाटते ती त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. कर्करोगाच्या पेशी काचेत विभागल्या तर नवल नाही. पण निरोगी माणसाच्या रक्तातील पेशीही नोवेलच्या भांड्यात विभागत होत्या, आणि ते पाठ्यपुस्तकात बसत नव्हते. मग त्याने एखाद्या चिकित्सक सुगरणीसारखे केले. पदार्थ बिघडला तर एकेक जिन्नस वगळून पाहावा, तसे त्याने भांड्यातील एकेक घटक वगळून पाहिला. घेवड्याचा अर्क वगळला आणि विभाजन थांबले. अर्क घातला, पुन्हा सुरू. गाळणी म्हणून आणलेली वस्तूच निजलेल्यांना उठवीत होती!

पुस्तकांत याला ‘अपघाती शोध’ म्हणतात. मला ते पटत नाही. तो अर्क अकरा वर्षे प्रयोगशाळांत वापरात होता. खुद्द ऑसगुडच्या भांड्यातही तो होता. अपघात तर सगळ्यांच्याच भांड्यात घडत होता. नोवेलने तेवढे ‘का?’ असे विचारले.

भांड्यात काय घडते ते थोडक्यात पाहू. शरीराइतक्या म्हणजे सदतीस अंश उष्णतेत भांडे ठेवतात. पहिला दिवसभर वरवर पाहता काही घडत नाही. मग ती आखडून बसलेली पेशी फुगू लागते, केंद्रक सैलावते, पेशीद्रव वाढतो, नवा डीएनए तयार होऊ लागतो. तिसऱ्या दिवशी, सुमारे बहात्तर तासांनी, भांड्यात विभागणाऱ्या पेशी भरपूर सापडतात. विभागणाऱ्या पेशी नेमक्या कोणत्या, यावर थोडा काळ वाद झाला, पण लवकरच निर्विवाद ठरले की ती उपेक्षित छोटी लिंफोसाइटच तरुण होऊन विभागत होती. विभाजन ऐन मध्यावर रोखून धरायला कोल्चिसिन वापरतात. हे विष युरोपात एका कंदफुलापासून काढत, पण ते आपल्या कळलावीतही असते. एरंड, गुंज, घेवडा, कळलावी. आपल्या कुंपणावर आणि परसात केवढे वैद्यक उभे आहे!

या शोधाचा पहिला लाभ गुणसूत्रांच्या तपासणीला झाला. माणसाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस नसून शेहेचाळीस आहेत, हे त्यो आणि लेवान यांनी १९५६ साली दाखवले होते. पॅरिसमध्ये लज्यून, मार्थ गोतिए आणि त्युर्पँ यांनी १९५९ साली डाउन लक्षणाच्या मुलांत एक गुणसूत्र जास्त असल्याचे जाहीर केले. पण त्यासाठी शरीरातील ऊतींचा तुकडा काढून तो वाढवावा लागे. १९६० नंतर दंडातले थोडे रक्त आणि घेवड्याचा अर्क पुरू लागला.

त्याचा अर्थ काय होतो ते आमच्याच गावात मी पाहिले. एका घरात असे मूल जन्मले. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून मूल असे झाले, हे सासरचे, शेजारचे आणि सुशिक्षितही बोलत. दोन वर्षांनी मोठ्या शहरातून रक्ताचा अहवाल आला: गुणसूत्रे सत्तेचाळीस. तो कागद घेऊन ती बाई शाळेत आली आणि म्हणाली, “सर, हे मराठीत नीट लिहून द्या, सासूबाईंना वाचून दाखवायचं आहे.” मी लिहून दिले. ग्रहणाचा आणि मोजणीचा काही संबंध नाही, हे शेवटचे वाक्य तिने मला दोनदा लिहायला लावले.

आता एर्लिशच्या उंदरांकडे परत येऊ. प्रतिकार चेहरा ओळखून असतो, तर घेवड्याचा अर्क सगळ्यांनाच कसा उठवतो? शाळेतला दाखला देतो. हजेरीत एकाचे नाव पुकारले तर तो एकटाच ‘हजर’ म्हणतो. सुटीची घंटा झाली की सगळा वर्ग उठतो. क्षयाच्या जंतूचे प्रथिन म्हणजे नाव पुकारणे. त्याला ओळखणाऱ्या मोजक्याच लिंफोसाइट उठतात. घेवड्याचा अर्क म्हणजे घंटा. पेशीच्या अंगावरील शर्करांना तो चिकटतो, तिथली ग्राहके एकत्र ओढतो आणि पेशीला वाटते, आपल्यालाच बोलावणे आले. १९६३ साली न्यूझीलंडमधील पिअरमन, लायसेट आणि फिट्झजेराल्ड यांनी नाव पुकारूनही पाहिले: ज्यांच्या शरीराची क्षयाच्या जंतूशी ओळख झालेली होती, त्यांच्या पेशी ट्युबरक्युलिनने काचेत विभागू लागल्या. शरीराची आठवण त्या छोट्या पेशीत साठलेली आहे, हे त्यातून दिसले. तिची म्हातारपणाची बदनामी तिथे संपली.

जागी झालेली पेशी नुसती विभागत नाही, ती भोवती निरोपही धाडते. १९६५ साली व्हीलॉक यांना अर्काने उठवलेल्या पेशींच्या द्रवात विषाणूंना अडवणारा पदार्थ सापडला. आज त्याला गॅमा इंटरफेरॉन म्हणतात. १९७६ साली मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो यांनी दाखवले की अशा पेशींचा द्रव दुसऱ्या लिंफोसाइटना महिनोन् महिने काचेत जगवतो. एड्सचा विषाणू १९८३ साली पॅरिसला हाती लागला तो लिंफोसाइट अशा रीतीने जगवता येत होत्या म्हणूनच.

आपल्या मुंबईतही आता ही पेशी कामाला लागली आहे. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रुग्णाच्याच लिंफोसाइट काढून, प्रयोगशाळेत जाग्या करून, त्यांना कर्करोगाचा चेहरा शिकवून परत त्याच्या शरीरात सोडतात. अशा उपचारांत जागे करण्याचे काम आता बहुधा घेवडा करीत नाही, त्यासाठी नेमकी प्रतिपिंडे वापरतात.

घेवडा मात्र बाद झालेला नाही. सुप्त क्षय शोधण्याच्या रक्ततपासणीत रक्त निरनिराळ्या नळ्यांत घेतात. काही नळ्यांत क्षयजंतूची प्रथिने असतात, म्हणजे नाव पुकारणे. एकीत काहीच नसते. आणि एकीत घेवड्याचा अर्क, म्हणजे घंटा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळीत गॅमा इंटरफेरॉन किती उतरले ते मोजतात. नावाला कोणी ओ दिली नाही आणि घंटेलाही कोणी उठले नाही, तर तंत्रज्ञ ‘क्षय नाही’ असे लिहीत नाही. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहितो आणि रक्त पुन्हा मागवतो.