मोटेमागचे हात

अठराव्या शतकातील खेड्याचा धडा शिकवताना आपण फळ्यावर बारा बलुतेदारांची यादी लिहितो. मुले ती पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी एखाद्या वस्तूपासून सुरुवात केली तर? विहिरीवरची मोटच घेऊ.

मोट चामड्याची. मेलेले जनावर ओढून न्यायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, मोट शिवायची चांभाराने. नाडा वळायचा मांगाने. वरचे चाक सुताराचे, मोटेच्या तोंडाची कडी लोहाराची. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजनही ओढायला मदत करी. मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात पडे.

या कामांचे पैसे रोजच्या रोज दिले जात नसत. पीक निघाले की बलुतेदार खळ्यावर येऊन धान्याचा ठरलेला वाटा नेत. तेच बलुते. हा हक्क वंशपरंपरेचा, म्हणजे वतन. त्यावरून भांडण झाले तर ते गोतसभेपुढे जाई. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मध्ये जुन्या कागदपत्रांच्या आधारे दाखवले, की बलुतेदार एकेका घराचे नव्हे, तर सबंध गावाचे सेवक होते. पेशव्यांच्या मुलखात ही व्यवस्था होती, तशी निजामाच्या मराठवाड्यातही होती.

मग खेडे स्वयंपूर्ण होते का? मीठ आणि लोखंड बहुतेक गावांना बाहेरूनच आणावे लागे. सारा रोख भरायचा तर धान्य बाजारात न्यावे लागे. 'स्वयंपूर्ण' हा शब्द म्हणूनच जपून वापरावा.

आणखी एक प्रश्न वर्गात टाळू नये. ज्यांनी आणलेल्या कातड्यापासून मोट झाली, त्यांना गावच्या पाणवठ्याला शिवण्याची मुभा नव्हती. वतनाच्या नावाखाली त्यांच्याकडून वाटेल ते काम करून घेतले जाई. हेच बंधन सैल व्हावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५० मध्ये त्यांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. बापाचे काम मुलाने उचलायचे, या नियमाला शिक्षण हे उत्तर होते.

आता मुलांना बैलगाडी किंवा घागर द्या. ती कोणी घडवली, त्याला काय मिळाले आणि ती वापरायची मुभा कोणाला नव्हती, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरांसाठी घरातल्या आजी-आजोबांकडे पाठवा. यादी पाठ करावी लागणार नाही.