निवड आपण आधीच करून बसलोय

जनुकं बदलून मुलांची उंची, रंग, बुद्धी ठरवावी का, यावर माझ्या ओळखीतले इंजिनियर चहाच्या टपरीवर हिरिरीने भांडतात. सूर असा, की प्रश्न भविष्यातला आहे, नीती-बिती तेव्हाचं तेव्हा बघू. मला हे पटत नाही. बाळाचं एक शारीरिक लक्षण जन्माआधी निवडायची सोय महाराष्ट्रात माझ्या जन्माआधीच सुरू झाली होती. ते लक्षण म्हणजे लिंग.

गर्भजलपरीक्षा भारतात १९७०च्या दशकात आली, ती गर्भातले जनुकीय दोष शोधायला. लिंग कळणं हा जोडफायदा होता. पुढे तोच धंदा झाला. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तर ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. आज थोडे पैसे घाला आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड होत असत.

समर्थकांचे मुद्दे आज टपरीवर ऐकू येतात तेच होते. हा पालकांचा खासगी निर्णय आहे. नकोशा मुलीचे हाल टळतात. शिवाय मुली कमी झाल्या की त्यांचा भाव वधारेल!

मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते एकत्र येऊन लढले आणि १९८८ साली महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. २००३च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. दोन मुली असलेल्या एका जोडप्याने कुटुंबात 'समतोल' हवा म्हणून मुलगा निवडण्याची मुभा मागितली, ती मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली.

तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणी नोंदवणारी यंत्रणा जोडली गेली. मी सॉफ्टवेअरवाला, मला ती कल्पना आवडते. पण डॉक्टर बाहेर येऊन 'पेढा' म्हणाले की 'बर्फी', हे यंत्राला कसं कळणार?

आजाराची चाचणी मला गैर वाटत नाही. कायदाही तिला परवानगी देतो. तिथे प्रश्न बाळाच्या वेदनेचा असतो. मुलगी असणं हा आजार नव्हता. हुंडा, वारस, म्हातारपणाची काठी हा सगळा बाहेरचा हिशोब होता, आणि आईबाप त्यालाच स्वतःची निवड म्हणत होते. एकेका घरात तो निर्णय शहाणपणाचा दिसला. बेरीज जनगणनेत दिसली.

उद्या रंग निवडता आला, तर लोक काय निवडतील याचा अंदाज बांधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. कुठल्याही रविवारच्या पेपरातल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती वाचाव्यात.