हजेरीपटांतील एक शब्द

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला, हें मराठी वाचकांस ठाऊक आहेच. कृष्णवर्णीयांस दास्यांतून सोडविण्याच्या कामीं त्या लोकांनीं जो स्वार्थत्याग दाखविला, त्याचा तो सन्मान होता. १८६१ ते १८६५ पर्यंत चाललेल्या ज्या यादवी युद्धानें तें दास्य मोडलें, त्यांत झुंजलेल्या सेनापतींचीं नांवें आपण शाळेंतच ऐकलेलीं असतात. परंतु त्याच युद्धांत जखमी शिपायांच्या उशापायथ्याशीं रात्री जागविणाऱ्या स्त्रियांचें पुढें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. राष्ट्राची कृतज्ञता कोणत्या वाटेनें चालते आणि कोठें अडखळते, हें पाहावयाचें असेल तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

युद्ध सुरू होतांच, जून १८६१ मध्यें, डोरोथिया डिक्स या बाईंची उत्तरेच्या सैन्यांतील परिचारिकांवर अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांचे नियम मोठे कडक होते. उमेदवार स्त्रीचें वय ३५ ते ५० असावें, वेष करडा, तपकिरी किंवा काळा असावा, अंगावर दागिना नसावा. वेतन दिवसाला ४० सेंट व वर शिधा. युद्धाच्या चार वर्षांत उत्तरेच्या लष्करी रुग्णालयांत २० हजारांहून अधिक स्त्रिया राबल्या. पण त्या सर्वांस ‘परिचारिका’ हें नांव मिळालें नाहीं. हजेरीपटांत कोणी ‘मेट्रन’ होती, कोणी ‘स्वयंपाकीण’, कोणी ‘धोबीण’. प्रत्यक्षांत ज्या हातांनीं रक्ताच्या पट्ट्या धुतल्या, त्याच हातांनीं त्या बांधल्याही. जिनें पेज शिजविली तिनेंच ती रोग्यास भरविली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वांट्यास बहुधा शेवटचीं दोन नांवेंच येत. त्या वेळीं या शब्दांचें कोणास महत्त्व वाटलें नसेल. तें पुढें तीस वर्षांनीं कळून आलें.

लढाईंत पंगु झालेल्या शिपायांसाठीं व मेलेल्यांच्या विधवांसाठीं पेन्शनचा कायदा १८६२ सालींच झाला होता. परिचारिकांसाठीं मात्र तसा कायदा नव्हता. एखादीचें नांव फारच गाजलेलें असलें, तर काँग्रेस तिच्यापुरता स्वतंत्र ठराव करी. मेरी ॲन बिकरडाइक या धाडसी बाईस १८८६ सालीं दरमहा २५ डॉलर मिळूं लागले ते असेच. शेवटीं माजी सैनिकांच्या संस्थेस जोडून १८८३ सालीं निघालेल्या ‘वुमन्स रिलीफ कोअर’ या स्त्रियांच्या मंडळानें हा प्रश्न नेटानें लावून धरला, आणि ५ ऑगस्ट १८९२ रोजीं परिचारिकांच्या पेन्शनचा कायदा झाला. रक्कम दरमहा १२ डॉलर. युद्ध संपून तोंवर २७ वर्षें लोटलीं होतीं. १८६२ मध्यें जी ३५ वर्षांची होती, ती आतां पासष्टीला आली होती.

कायद्याच्या अटी तीन : सेवा निदान सहा महिन्यांची असावी, नेमणूक लष्करी खात्यानें मान्य केलेल्या अधिकाऱ्याची असावी, आणि अर्जदार स्त्री स्वतःचें पोट भरण्यास असमर्थ असावी. सरकारी खजिना हा लोकांचा पैसा आहे. तो खोट्या दाव्यांपासून राखावयाचा तर कांहीं पुरावा मागणें भाग आहे, हें कोणीही समंजस मनुष्य मान्य करील. पण पुरावा म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे तीस वर्षांपूर्वीं घाईगर्दींत कारकुनानें लिहिलेला एक शब्द, असें झालें म्हणजे न्यायाचें काम कारकुनाच्या टाकावर येऊन पडतें.

सुझी किंग टेलर हिची गोष्ट पाहा. जॉर्जिया प्रांतांत १८४८ सालीं ती गुलाम म्हणून जन्मली. १८६२ मध्यें ती उत्तरेच्या आश्रयास आली आणि कृष्णवर्णीय शिपायांच्या पहिल्या पलटणींपैकीं एकीबरोबर राहूं लागली. तिची नोंद धोबीण म्हणून झाली. ती कपडे धुई हें खरें. पण ती शिपायांस लिहावयास-वाचावयास शिकवी, आणि जखमींची शुश्रूषा करी. देवी आलेल्या शिपायाजवळ जाण्यास दुसरे भीत, तेथेंही ती गेली. चार वर्षें व तीन महिने केलेल्या या सेवेचा एक डॉलरही आपणांस मिळाला नाहीं, असें तिनें १९०२ सालीं छापलेल्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. त्यांत कडवटपणा नाहीं. सेवा घडली याचेंच समाधान आहे. पुढें बोस्टन येथें माजी सैनिकांच्या साहाय्यासाठीं ती झटत राहिली. आणि १९१२ सालीं, परिचारिकेचें पेन्शन न मिळतांच, वारली.

हॅरिएट टबमनचें नांव याहून कितीतरी मोठें. तरी तिची कथा फारशी निराळी नाहीं. दक्षिण कॅरोलिनांतील छावण्यांत ती मुळ्यापाल्याच्या काढ्यांनीं आमांशाचे रोगी बरे करी, शत्रूच्या मुलुखाची टेहळणी करी, आणि स्वतःचें पोट घरीं केलेले खाद्यपदार्थ व पेयें विकून भरी. २ जून १८६३ च्या कंबाही नदीवरील मोहिमेंत तिच्या माहितीच्या बळावर ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. युद्धानंतर तिनें आपला दावा वारंवार मांडला. दाद लागली नाहीं. १८९५ मध्यें तिला दरमहा ८ डॉलर मंजूर झाले, ते सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ सालीं, परिचर्येचें काम ध्यानांत घेऊन, ते २० करण्यांत आले. तरीही त्या कायद्याच्या मजकुरांत तिची ओळख ‘नेल्सन डेव्हिसची विधवा’ एवढीच राहिली. त्या तुटपुंज्या पैशांत संसार चालवीत असतांही तिनें ऑबर्न गांवीं निराधार वृद्धांसाठीं घर उभारण्याचा ध्यास सोडला नाहीं. तें १९०८ सालीं उघडलें, आणि त्याच्याच आश्रयास असतां १० मार्च १९१३ रोजीं तिनें देह ठेवला.

पुढें देशास जाग आली. २००३ सालीं काँग्रेसनें तिच्या राहिलेल्या पेन्शनची भरपाई म्हणून ११,७५० डॉलर तिच्या घराच्या जतनासाठीं मंजूर केले. ११ नोव्हेंबर २०२४ रोजीं, माजी सैनिकांच्या दिवशीं, मेरीलंडच्या नॅशनल गार्डनें तिला ब्रिगेडियर जनरलचें पद मरणोत्तर बहाल केलें. हा गौरव उचितच होय. त्यानें पुढील पिढ्यांस खरा इतिहास कळतो. परंतु जनरलच्या पदानें वृद्धापकाळींची थंडी निवारत नाहीं. जी विचारणा १८६५ मध्यें करावयाची, ती १८९२ वर गेली. जें १८९९ मध्यें सरळपणें लिहावयाचें, तें २०२४ पर्यंत राहिलें.

मान आणि मदत या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पण दोन्ही एकाच प्रश्नापासून सुरू होतात. तो प्रश्न ‘हिचा हुद्दा कोणता होता?’ हा नव्हे. ‘हिनें काम काय केलें?’ हा होय. आणि तो उत्तर देणारें मनुष्य हयात आहे तोंवरच विचारला पाहिजे. फुल्यांनीं आपला ग्रंथ ज्यांस अर्पण केला त्या सज्जनांत कोणाकोणाचा समावेश होतो, असें आज कोणीं विचारलें, तर हजेरीपटांत ‘धोबीण’ म्हणून लिहिलेल्या त्या स्त्रीचें नांव आपण संकोच न करतां घ्यावें.