बंब

बंब (पु.) : पाणी तापवण्याचे तांब्याचे किंवा पितळेचे उभे पात्र. हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ (पंप) यावरून आला असे मानतात. मराठीत त्याचे दोन अर्थ रुळले : (१) आग विझवणारे वाहन, ‘आगीचा बंब’, (२) न्हाणीतला बंब. पहिला पाण्याने आग विझवतो, दुसऱ्याच्या पोटातच आग असते.

रचना : गोल पात्राच्या मधोमध आरपार नळा, तळाशी लोखंडी जाळी आणि खाली राख पडायला जागा. जळण नळ्यात वरून टाकतात. नळ्याला चहूबाजूंनी पाणी वेढून असल्याने आच वाया जात नाही आणि चुलीवरच्या हंड्यापेक्षा कमी जळण लागते. तापलेले पाणी तोटीने काढतात. तोटी नसलेल्या बंबात थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते. बंब कोरडा पेटवू नये. त्याने डाख सुटतो.

जुन्नर-आंबेगाव : घोड, मीना आणि कुकडीच्या खोऱ्यांतल्या बागायती गावांत बाभळीच्या ढलप्या, गोवऱ्या आणि मक्याची बुरकुंडे हे बंबाचे सोयीचे जळण. पहाटे पहिली बादली भरली की कढत पाण्यात विसण घालायचे आणि तेवढेच थंड पाणी लगेच बंबात ओतायचे, म्हणजे पुढच्याची सोय होते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी तो चिंच लावून लख्ख घासतात. पश्चिमेकडे आहुपे, नाणेघाट या डोंगरपट्ट्यात चुलीवरचा हंडा आणि थंडीतली शेकोटी हीच उबेची जुनी साधने. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी तांब्याच्या भांड्यांच्या घडाईसाठी प्रसिद्ध असून तिथे बंबही घडत.

हीटर : बोलण्यात हीटर म्हणजे बहुधा बादलीत सोडायची विजेची कांडी, तारेच्या विजेच्या शेगडीलाही हीटर म्हणतात. कांडी वापरताना बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. भिंतीवरचा तो गीझर. छपरावरच्या सौर संयंत्राला मात्र ‘सौर बंब’ असेही म्हणतात. साधन बदलले तरी शब्द टिकला.

घरातला जुना बंब गळतो म्हणून मोडीत वजनावर घालण्याआधी तांबटाला दाखवावा. डाख दिला की तो पुन्हा कामाला येतो.